फॉर्मची मागची बाजू

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.१०

नवी वही. जुन्या वहीची पानं एकमेकांना चिकटली, फेकून दिली. माझ्या टेबलावर काय सांडतं देव जाणे. सफाईवाले फडकं मारत नाहीत, फडक्याची सावली मारतात. शी.

आज मोठ्या बाईंची मीटिंग. मोठ्या बाई म्हणजे आमच्या नव्या संचालक. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, म्हणून मोठ्या. विषय: अमली पदार्थांच्या सेवनाचा सरकारी आकडा. तो अकरा वर्षं ०.७ टक्के आहे. दर वर्षी, दर जिल्ह्यात. डोंगरात ०.७, बंदरात ०.७, तुरुंगातसुद्धा ०.७. बाईंनी विचारलं की हा आकडा आला कुठून. सगळे छताकडे बघायला लागले. मीही बघितलं. छताला ओल आलीये, बांधकाम विभागाला पत्र टाकायला हवं.

मग मी उठून बोललो. म्हणालो, असला आकडा ठोकून देणारा जो कोण असेल त्याला भर चौकात उभा केला पाहिजे. बाईंवर छाप पडली. अचूकता मोहीम माझ्याकडे आली. मुदत सात आठवडे. जमलं तर सहसंचालकपद.

(०.७ मीच टाकला होता. पण तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. पाच वाजून गेले होते.)

संकल्प: या देशात कोण काय ओढतं, पितं, टोचून घेतं, त्याचा खरा आकडा काढायचा. खोटं बोलणाऱ्यांची गय नाही.

खोकल्याचं औषध, दोन झाकणं. फायलींच्या धुळीने घसा धरतो.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ८

सौ.चा डावा हात प्लास्टरमध्ये. गेल्या आठवड्यात स्कूटर घसरली. रस्त्यावर वाळू होती. रस्ते खात्याला लाज नाही. मला खरचटलंसुद्धा नाही, पण मनस्ताप मलाच जास्त.

कणीक मळायला गेलो तर सौ. म्हणाली की राहू द्या. मग म्हणाली, दोन वर्षं औषध चालू आहे, पण खोकला कुठे आहे? मी तुम्हाला एकदाही खोकताना ऐकलं नाही. आता हिला काय सांगणार! औषध लागू पडतंय म्हणूनच खोकला नाही. कार्यकारणभाव हा विषय बायकांना कळत नाही असं मी म्हणणार नाही, पण हिला कळत नाही.

प्लास्टर कधी निघणार असं तिने परत विचारलं. २१ एप्रिल. तिसऱ्यांदा विचारतेय. बरं व्हायची घाई, दुसरं काय.

७ मार्च, शुक्रवार

व्याख्या ठरवायची होती. 'अमली पदार्थ' म्हणजे काय काय. यादी दशांशने केली. दशांश म्हणजे आमची सांख्यिकी सहायक, वय तीस. चहा किती घेणार विचारलं तर ०.५ कप म्हणते. यादीत तिने खोकल्याचं औषध घातलंय! डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, नियमित, नशेसाठी वगैरे.

मी खोडलं. घरोघरी असतं ते. आकडा उगाच फुगेल. ती मोठ्या बाईंकडे गेली. कानामागून आली आणि तिखट झाली. बाईंनी परत घातलं.

असू दे. माझ्याकडे चिठ्ठी आहे. दोन वर्षांपूर्वीची, पाच दिवसांची, पण चिठ्ठी ती चिठ्ठी. कायद्याने माझा या यादीशी काडीचा संबंध नाही.

तीन झाकणं. वादावादीने घसा बसला.

११ मार्च, मंगळवार

आजवरची पद्धत: सरकारी माणूस दारात उभा राहून विचारतो, आपण अमली पदार्थ घेता का? समोरचा म्हणतो, नाही हो. सरकारी माणूस 'नाही' लिहितो. झाली पाहणी! चोराला विचारायचं, चोरी केलीस का बाबा. किळस येते या भाबडेपणाची.

दशांशने नाण्याची पद्धत सुचवली. (टिपणात मी सुचवली असं लिहिलंय. वरिष्ठाच्या नावाने गेलेलं बरं.) उत्तर देणाऱ्याने आडोशाला नाणं उडवायचं. छापा पडला तर डोळे मिटून 'हो' लिहायचं. काटा पडला तर खरं लिहायचं. कुणाचा 'हो' नाण्याचा आणि कुणाचा खरा, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही, त्यामुळे लाज नाही, भीती नाही. जितकी माणसं त्यांच्या निम्मे 'हो' नाण्याचे धरायचे, वरचे उरतील ते खरे. काय सुंदर आहे!

शुक्रवारी आधी आमच्याच कार्यालयावर चाचणी. सव्वीस माणसं.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ५

चाचणी झाली. सव्वीस जणांनी सव्वीस नाणी उडवली. किमान तेरा 'हो' यायला हवेत.

आले शून्य.

दशांशने सूत्रात घातलं. आमच्या कार्यालयात अमली पदार्थ घेणारे उणे शंभर टक्के निघाले. मोठ्या बाईंनी विचारलं की उणे शंभर टक्के माणसं म्हणजे नक्की काय करतात. मी म्हणालो, कल आशादायक आहे.

घाण आहे ही. सरकारी नोकर असून साध्या नाण्याशी प्रामाणिक राहता येत नाही! छापा पडला तरी 'हो' लिहायला जीव जातो यांचा. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून.

(मला छापा पडला होता. पण माझ्या हुद्द्याच्या माणसाने 'हो' लिहायचं? काही मूल्यं असतात की नाही.)

झाकण हरवलं. अंदाजाने घेतलं.

१८ मार्च, मंगळवार

मुंग्या. माझ्या खालच्या खणात मुंग्यांची ही रांग. खिडकीपासून निघतात, पंख्याच्या बटणाखालून वळतात आणि थेट खणात. या कार्यालयात शिस्त फक्त मुंग्यांना आहे. प्रशासनाला पत्र लिहिलं, फवारणी करा. उत्तर आलं की खणात गोड पदार्थ ठेवू नयेत. मी? मी गोड खात नाही! खणात टाचण्या, शिक्का आणि औषध.

शिपायाने पाहणी केली. त्याला सगळे 'टपाल' म्हणतात, कारण कागदापासून कुजबुजीपर्यंत सगळं तोच पोचवतो. माझं औषधही तोच आणतो, 'गोपनीय' लिहिलेल्या लखोट्यात. लोकांचा उगाच गैरसमज नको. आज म्हणाला, साहेब, औषधवाला विचारत होता घरात किती जण आजारी आहेत. मी म्हटलं, त्याला सांग आपल्या गोळ्या मोज.

घरी आलो तर बुटांच्या कपाटातही मुंग्या. माझ्या गमबुटात चाललेल्या. हवामान बदललंय.

२० मार्च, गुरुवार

नाणं सोडलं. नवी पद्धत सापडली. एक निवृत्त नर्स प्रगणक म्हणून आली आहे. प्रगणक म्हणजे घरोघर जाऊन फॉर्म भरणारी माणसं. नर्सबाई म्हणाल्या की दारात उभं राहून कुणी खरं सांगत नाही. आत जाऊन बसायचं. पाणी मागायचं. गुडघे दुखतात म्हणायचं. आणि जो घेतो त्याला विचारायचंच नाही, त्याच्याबरोबर राहणाऱ्याला विचारायचं. अर्धा तास गप्प बसलं की लोक आपणहून बोलतात. वॉर्डात तीस वर्षं त्यांनी हेच केलं.

उत्तम! याला मी 'सहवासी-आधारित सखोल मुलाखत' असं नाव दिलं आणि माझ्या सहीने पाठवलं.

फॉर्मही मीच बसवला. पुढच्या बाजूला सतरा प्रश्न, सगळे सांकेतिक आकड्यांत. मागच्या बाजूला तीन प्रश्न शब्दांत, मोठ्या बाईंच्या हट्टाखातर. १८: घरच्यांना कसं कळलं. १९: काही इजा झाली का. २०: कुटुंबाला कोणती मदत हवी. मागची बाजू कोण वाचतो! तिथे भावना असतात. भावनांची बेरीज होत नाही.

नियमही कडक केले. फॉर्मवर नाव नाही. स्वीकारलेला फॉर्म फाडता येणार नाही, वगळायचा तर कारण लिहून सही करायची. आणि एखादा आकडा चुकीचा आहे असं माहीत असून पुढे पाठवणं हा गुन्हा.

२७ मार्च, गुरुवार

यंत्राने घरं निवडली. सोडत म्हणजे सोडत, त्यात वशिला नाही. आमच्या गल्लीतली चार घरं आली, त्यात आमचंही. दशांश म्हणाली की अधिकाऱ्याचं घर वगळायला हवं होतं. मी म्हणालो, अजिबात नाही. उद्या कुणी म्हणायला नको की साहेबाने स्वतःचं घर वाचवलं. आणि वाचवण्यासारखं आहे काय आमच्या घरात?

दशांश माझ्या खणाकडे बघत होती. मुंग्यांची तिला भीती वाटत असावी.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ७

संकल्प: आजपासून एकच झाकण. गरज म्हणून नाही, शिस्त म्हणून.

सकाळी ११. झाकण हरवल्यामुळे संकल्प अमलात आणता येत नाही. टपालला झाकण शोधायला सांगितलं. तो म्हणाला, बाटलीबरोबर नवीन झाकण येतंच की साहेब. म्हणून नवीन बाटली मागवली.

दुपारी ३. झाकण मिळालं. बाटली संपली.

३ एप्रिल, गुरुवार

घरी गेलो तर सौ.चा चेहरा वेगळाच. हलका. म्हणाली, आज पाहणीवाल्या बाई आल्या होत्या. पाऊण तास बसल्या. चहा त्यांनीच केला, माझा हात बघून. मी विचारलं, नियमाप्रमाणे सगळं खरं सांगितलंस ना? म्हणाली, हो, सगळं सांगितलं.

शाबास म्हणालो. पाऊण तास बोलण्यासारखं आपल्या घरात काय आहे असं मनात आलं, पण बायका बोलतात. भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोचंही नर्सबाईंनी कौतुक केलं म्हणे, बराच वेळ बघत होत्या. मी तेव्हा बरा दिसायचो.

जेवताना डोळा लागला. ताटात कोपर गेलं. मोहिमेचा थकवा.

९ एप्रिल, बुधवार

फॉर्म आले! गठ्ठेच्या गठ्ठे. आणि काय फॉर्म! लोक घडाघडा बोललेत. पहिल्या सहाशेतच आकडा ६.४ टक्के. म्हणजे नऊपट! अकरा वर्षं हे सगळं ०.७ च्या सतरंजीखाली होतं. मोठ्या बाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या.

पण वाचून ओकारी येते. घराघरांत काय चाललंय! गोळ्या, पुड्या, पंक्चर जोडायचा चिकट डिंक, काय वाट्टेल ते. सगळ्यात किळस आली ती फॉर्म क्रमांक ४१७ ची. पुरुष. वय ५३. सरकारी नोकरी. पदार्थ: खोकल्याचं औषध. वारंवारता: रोज. प्रमाण: एक बाटली. किती काळ: दोन वर्षं. माहिती देणारी: पत्नी.

माझ्याच वयाचा! सरकारी नोकर! रोज बाटली! अशा माणसामुळे खरोखर आजारी असलेल्यांच्या औषधाला नावं ठेवली जातात. लाज कशी वाटत नाही बायकोसमोर?

पण फॉर्म मात्र नमुनेदार. एक रकाना रिकामा नाही. मंगळवारी चाळीस प्रगणकांचं प्रशिक्षण आहे, तिथे आदर्श फॉर्म म्हणून हाच घ्यायचा. या बाईला, म्हणजे त्या पत्नीला, खरं तर सरकारने शाल द्यायला हवी.

१४ एप्रिल, सोमवार

उद्याची तयारी. भाषण पाठ. विषय: सत्य सांगणारं घर.

नर्सबाई दोनदा केबिनच्या दारात येऊन गेल्या, एकटं बोलायचंय म्हणाल्या. रजा हवी असणार. उद्यानंतर या म्हटलं.

सौ.ने माळ्यावरची मोठी बॅग टपालकडून उतरवून घेतली. टपाल घरी कशाला आला होता ते विचारलं नाही. बॅगेला हवा लागावी म्हणाली. बरोबर आहे, माळ्यावर कुबट वास येतो.

१५ एप्रिल, मंगळवार. दुपारी ४. कार्यालयातलं शौचालय, तिसरा दरवाजा

वही गुडघ्यावर. कडी बिघडलेली, पायाने दार दाबून बसलोय. भिंतीवर कुणीतरी उणे शंभर टक्के असं लिहिलंय.

घडलं ते क्रमाने लिहितो. अचूक.

सभागृहात चाळीस प्रगणक. पुढे मोठ्या बाई, दशांश. दाराशी टपाल. मी ४१७ वर धरला आणि पुढची बाजू वाचली. म्हणालो, बघा हा माणूस. शिकलेला, सवरलेला, पेन्शनीला आलेला, आणि घरात बाटल्या लपवतो. मी 'किडा' हा शब्द वापरला. दोनदा. म्हणालो, आणि बघा ही बाई. कुणी विचारलं आणि तिने खरं सांगितलं. अशी माणसं आहेत म्हणून आकडे आहेत.

टाळ्या. दशांशने वाजवल्या नाहीत.

टाळ्यांनी चेव आला. म्हणालो, मागची बाजूही वाचूया. नर्सबाई ताडकन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, साहेब, मागचं वाचू नका. मी म्हणालो, आजपासून मागचंही वाचायचं! आणि पान उलटून मोठ्याने वाचलं.

१८. मुंग्यांवरून कळलं. बाटली बुटांच्या कपाटात गमबुटात ठेवतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही. मुंग्यांची रांग लागते. मी रांगेमागून जाते.

इथे कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मी थांबायला हवं होतं. पण वाचत असताना मला अजून त्या दुसऱ्याच माणसाचा राग येत होता. खरंच. गमबूट घरोघरी असतात, असंच मनात आलं.

१९. डावा हात मोडला. स्कूटर चालवता चालवता त्यांना झोप लागली. रस्त्यावर वाळू नव्हती. वाळू होती असं मी सगळ्यांना सांगते.

'वाळू नव्हती' इथे माझा आवाज गेला. खोकला नाही, काही नाही, नुसता गेला.

विसावा प्रश्न मनात वाचला. वर बघितलं तर टपाल जमिनीकडे बघत होता. मोठ्या बाई छताकडे बघत होत्या. आमच्याकडे ही पद्धत आहे. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. माझा खण, माझे लखोटे, दुपारी मिटणारे माझे डोळे. बाकीच्या पंचवीस माणसांना माहीत होतं आणि नाण्याच्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

मी म्हणालो, चहाची वेळ झाली. दुपारचे पावणेतीन वाजले होते.

विसाव्याचं उत्तर इथे उतरवून ठेवतो. मला ते पाठ झालंय.

२०. प्लास्टर २१ तारखेला निघेल. मग भावाकडे जाणार आहे. आता एका हाताने बॅग उचलत नाही. त्यांना सांगून उपयोग नाही, मी बोललेलं त्यांना ऐकू येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही. एकवीस वर्षांचा संसार, आणि माझ्या बायकोने जे सांगितलं ते ऐकायला मला सरकारी फॉर्म लागला.

खिशातली अर्धी बाटली संपवली. ती हातात होती म्हणून.

१६ एप्रिल, बुधवार

रजा. पडून विचार केला. ४१७ हा फॉर्म सांख्यिकीदृष्ट्या सदोष आहे. माहिती देणारी पूर्वग्रहदूषित. मुंग्यांच्या रांगेला पुरावा म्हणता येत नाही. नमुन्यातून वगळणे इष्ट.

सौ.ने भात-वरण आणून ठेवलं. काय झालं विचारलं. काही नाही म्हणालो. ती खोलीत गेली. एका हाताने कपाट उघडल्याचा आवाज आला, मग एका हाताने कपडे घडी केल्यासारखं काहीतरी. एका हाताने घडी होत नाही. मी उठून मदत करणार होतो, पण मदत कशात करणार होतो?

१७ एप्रिल, गुरुवार. दुपारी १

फॉर्म वगळायला दशांशकडे मागितला. तिने दिला. मग म्हणाली की वगळता येतो, कारण लिहून सही करावी लागेल. नियम माझाच आहे असंही म्हणाली. हात दाखवून अवलक्षण.

पेन उघडलं. कारणाच्या रकान्यात 'चुकीचा आकडा' असं लिहिणार होतो. आणि मग दिसलं की आकडा खरोखरच चुकीचा आहे.

प्रमाण: एक बाटली. छे! ती फक्त घरची. कार्यालयातली अर्धी तिला माहीतच नाही. मुंग्या घरच्या आणि कार्यालयातल्या वेगळ्या.

पाऊण तास बसलो. वगळला तर आकडा ६.४ वरून एका माणसाने खाली येईल. कुणाला कळणार नाही. अकरा वर्षं नाही कळलं.

एक खोडलं. दीड लिहिलं. शेजारी सही. 'दुरुस्तीचा आधार' असा एक रकाना आहे, तोही मीच बसवलेला. तिथे लिहिलं: प्रत्यक्ष माहिती.

दशांशने फॉर्म घेतला, बघितला, गठ्ठ्यात ठेवला. म्हणाली, धन्यवाद सर. पहिल्यांदाच सर म्हणाली असं नाही, पण मला ऐकू आलं पहिल्यांदाच.

जाताना नर्सबाईंनी एक चिठ्ठी दिली. त्यांच्या जुन्या इस्पितळाचा पत्ता. बुधवारी सकाळी दहा. एकदम बंद केलं तर त्रास होतो, एकट्याने करू नका म्हणाल्या. मी म्हणालो, माझा तेवढा काही प्रश्न नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अर्धा तास गप्प बसण्याची त्यांची तीच पद्धत. चार मिनिटांत मी चिठ्ठी खिशात घातली.

२१ एप्रिल, सोमवार. दुपारी

प्लास्टर निघालं. आतून हात बारीक झालाय, पांढरा, सालं निघालेली. तिला त्याचा वास आवडला नाही. मला सगळ्या गोष्टींची किळस येते, पण त्या हाताची आली नाही. रिक्षाने आलो. स्कूटरचा विषय निघाला नाही.

बॅग दाराशी तयार. तिने दोन्ही हातांनी उचलून बघितली.

मी म्हणालो, रस्त्यावर वाळू नव्हती.

एवढंच म्हणता आलं. भाषण तयार होतं, ते विसरलो. ती बॅगेवरच बसली. म्हणाली, माहितेय मला. मग विचारलं, रोज किती? मी म्हणालो, एक. मग म्हणालो, दीड. अर्धी कार्यालयात. ती म्हणाली, मी एकच धरत होते. मी म्हणालो, म्हणूनच सांगितलं.

तिला रडू आलं. मलाही. मग ती चिडली, चांगलीच चिडली, दोन वर्षांचं बोलली. मी ऐकलं. सगळं ऐकू आलं.

ठरलं ते असं. बुधवारी इस्पितळात, ती बरोबर येणार. बॅग आत न्यायची नाही, दाराशीच राहणार. रोजचा आकडा मी सांगायचा आणि तिने वहीत लिहायचा. कमी-जास्त झालं तर चालेल म्हणाली, माणूस आहात. पण ज्या दिवशी तुम्ही एक सांगाल आणि मुंग्या दुसरं सांगतील, त्या दिवशी मी निघाले. आता दोन्ही हात आहेत.

मी गमबुटातली बाटली आणून तिच्या हातात दिली. तिने मोरीत ओतली. मी बघत उभा राहिलो.

२२ एप्रिल, मंगळवार. सकाळी ७

उद्या इस्पितळ. पण माझ्यासारख्याला इस्पितळाची वाट बघायची गरज नाही. संकल्प: आजच शून्य. कायमचं शून्य. इतकं सोपं होतं तर आधीच करायला हवं होतं.

सकाळी ८.३०. नाक गळतंय. जांभयांवर जांभया. पाय जागेवर राहत नाहीत. हवामान.

सकाळी ९. दिवस जेमतेम सुरू झालाय, पण विश्वास आहे म्हणून सौ.ला आजचा आकडा आधीच सांगून टाकला. शून्य. तिने लिहिलं. पेन्सिलीने.

सकाळी ९.४०. मुंग्या परत येऊ नयेत म्हणून बुटांचं कपाट पुसायला काढलं. काल दिली ती डाव्या गमबुटातली. उजव्या गमबुटातली लक्षात नव्हती. खरंच नव्हती. बहुतेक नव्हती.

सकाळी १०.०५. तात्पुरता आकडा: शून्य. सुधारित आकडा: दोन झाकणं. उरलेली बाटली घेऊन सौ.कडे गेलो, मुंग्यांच्या आधी. सांगितलं. तिने शून्य खोडलं, दोन लिहिलं आणि मला शेजारी सही करायला लावली. बॅग दाराशीच आहे.